लेबलवर ३०० एएच, आत कडप्पा: कॅम्परच्या एसीसाठी घेतलेल्या बॅटरीत मी कसा फसलो

कॅम्परमध्ये, म्हणजे झोपायची सोय केलेल्या गाडीत, एसी चालवायला लिथियम बॅटरी बनवून घ्यायचा विचार असेल तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. माझे १ लाख ६० हजार गेलेत आणि त्याहून जास्त राग याचा आहे की मे महिन्यात, रात्री बारा वाजता, ७० वर्षांच्या आईला घामाघूम होऊन रस्त्याकडेला बसावं लागलं.

आमच्याकडे २०१४ ची जुनी ट्रॅव्हलर आहे. दोन वर्षं रविवार-रविवार करत आतून कॅम्पर केली, बेड, छोटा ओटा, पाण्याची टाकी सगळं स्वतः केलं, फक्त इलेक्ट्रिकलचं काम बाहेर द्यायचं ठरवलं कारण त्यात मला फार कळत नाही. आईला उकाडा सहन होत नाही, बीपीच्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळे एक टनाचा इन्व्हर्टर एसी आधीच घेऊन ठेवला होता. प्रश्न एवढाच की लाइट नसलेल्या ठिकाणी तो रात्रभर चालणार कशावर.

इन्स्टावर एकाचे रील बघितले, पिंपरी-चिंचवडकडचा, व्हॅनमध्ये एसी चालू, बाहेर नुसतं माळरान, कुठे वायर नाही काही नाही. फोन केला तर एकदम आदराने बोलला, दादा दादा करत. कोटेशन व्हॉट्सअपवर पाठवलं: १२ व्होल्टच्या ३०० एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते ते) दोन लिथियम बॅटऱ्या, ३ केव्हीएचा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर, ५४० वॉटची दोन पॅनल, कंट्रोलर, वायरिंग, फिटिंग सगळं धरून १ लाख ६०. दुसरीकडे दोघांनी सव्वादोनच्या आसपास सांगितलं होतं. याला विचारलं तुमचं एवढं कमी कसं, तर म्हणे सेल डायरेक्ट आणतो दादा, मधला माणूसच नाही. आणि बिल पाहिजे असेल तर वर १८ टक्के जीएसटी लागेल, तुमचं तुम्ही बघा. मी म्हणालो राहू दे बिल. हा माझा सगळ्यात मोठा मूर्खपणा.

मी अगदीच डोळे झाकून गेलो नव्हतो हो. हिशोब मांडला होता. १२.८ व्होल्ट (१२ ची म्हणतात त्या लिथियम बॅटरीचा खरा आकडा) गुणिले दोन्ही मिळून ६०० एएच म्हणजे ७६८० वॉट-अवर, साधारण साडेसात युनिट. पत्र्याच्या गाडीत दमट हवेत एक टनाचा इन्व्हर्टर एसी सरासरी ६५० ते ७०० वॉट खाणार, इन्व्हर्टरचा लॉस धरून बॅटरीतून साडेसातशे. म्हणजे दहा तास. तो पण दहा तासच सांगत होता, त्यामुळे माझा विश्वास बसला. हिशोब खरोखरच बरोबर होता, माल खोटा होता, आणि हेच मला सगळ्यांना ओरडून सांगायचंय, कारण आपल्याला वाटतं गणित आलं की आपण सेफ.

डिलिव्हरीच्या दिवशी त्याने शेडमध्ये दोन तास एसी चालवून दाखवला. ब्लूटूथवर बीएमएसचं (बॅटरीवर लक्ष ठेवणारं आतलं सर्किट) ॲप उघडून दिलं, दोन तासांनंतर दोन्ही बॅटऱ्या ८० टक्के. मी खूश. ५० हजार आधी यूपीआय केले होते, उरलेले १ लाख १० हजार कॅश दिले, त्यानेच कॅश मागितले होते.

मग मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं, मी, बायको, सात वर्षांची मुलगी आणि आई, गुहागरला गेलो. व्याडेश्वराचं दर्शन घेतलं, संध्याकाळी समुद्रावर गेलो, आणि ओळखीतून एका काकांच्या नारळी-पोफळीच्या वाडीशेजारी गाडी लावली. साडेआठला एसी सुरू केला. आई म्हणाली, अगदी घरच्यासारखं वाटतंय रे. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी टक् करून सगळं बंद. एसी, लाइट, पंखा, सगळं. ॲप उघडलं तर ६८ टक्के! बॅटरी ६८ टक्के दाखवतेय आणि आउटपुट बंद. मी इन्व्हर्टर चालू-बंद केला, फ्यूज बघितले, वायरला हात लावला तर ती चांगलीच गरम, पण काही केल्या चालू होईना. पंधरा-वीस मिनिटांत आतलं थर्मामीटर ३३ वर. खिडक्या उघडल्या तर डास. आईला धाप लागली, तिला खाली उतरवून खुर्ची दिली, बायको वहीने वारा घालत बसली.

मला एकच सुचलं की इंजिन चालू करून गाडीचाच एसी लावू आणि तसेच झोपू. टॉर्च घेऊन काका बाहेर आले आणि ओरडलेच, "अहो, गाडी चालू ठेवून झोपू नका हां, धूर आत आला तर सकाळी उठायचं नाय कोणी." बरोबर होतं त्यांचं. उभ्या गाडीत इंजिन नाहीतर जनरेटर चालू ठेवून झोपलं की कार्बन मोनॉक्साइड आत साठतो, त्याला वास नाही, रंग नाही, झोपेतच माणूस जातो. काकांनी पडवी उघडून दिली, टेबलफॅन लावला, काकूंनी आईला कोकम सरबत दिलं. आम्ही चौघं चटईवर झोपलो. त्या दोघांचे उपकार मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्या माणसाला फोन केला तर म्हणे तुम्ही एसी १८ वर ठेवला असेल. मी म्हणालो २६ वर होता. मग म्हणे गाडी घेऊन या, बघतो. पुण्यात आल्यावर फोन उचलेना, तीन दिवसांनी व्हॉट्सअपवर ब्लॉक. शेडवर गेलो तर शटर खाली, शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, तुमच्या आधी अजून दोघं येऊन गेले.

मित्राचा भाऊ ई-रिक्षाच्या बॅटऱ्या रिपेअर करतो, त्याच्याकडे दोन्ही बॉक्स नेले. त्याने एक उचलला, आडवा केला, परत उभा केला आणि म्हणाला, वजन आहे पण सगळं तळाला आहे. आधी खोललाच नाही. फुल चार्ज करून २० अँपिअरच्या लोडवर लावला आणि टाइम बघत बसलो. ३०० एएचची बॅटरी पंधरा तास चालायला पाहिजे. ही पावणेपाच तासांच्या आतच कट झाली. ९४ एएच.

मग स्क्रू काढले. वर काळा फोम, खाली टॉर्चच्या सेलसारखे पण जाडजूड निळे गोल सेल, ३२७०० नावाचे, एकेक ६ एएचचा. मोजले, ८०. १२ व्होल्टसाठी चार-चार सेल एकापुढे एक जोडावे लागतात, त्यामुळे एएच धरायचे वीसच सेलचे, म्हणजे नवे असते तरी १२० एएच, आणि हे वापरलेले होते, काहींच्या टोकांवर आधीच्या वेल्डिंगचे डाग तसेच होते, त्यावरच नवी पट्टी मारलेली. सेलच्या खाली प्लायचा तुकडा. तो उचकटला तर थर्माकोलमध्ये गुंडाळून, सेलोटेप लावून बसवलेले कडप्प्याचे दोन तुकडे. आपल्या किचनच्या ओट्याखाली लावतात तो कडप्पा. एका तुकड्याला कटरने कापलेली कडा अजून पांढरी होती. ८० सेलचं वजन साडेअकरा किलोच्या आसपास भरतं आणि खऱ्या ३०० एएचच्या बॅटरीचं पंचवीस-तीस किलो, कारण त्यातल्या चार चौकोनी सेलपैकी एकेकच पाच किलोच्या वर असतो. आपण वजन करून बघू हे त्याला माहीत होतं, म्हणून दगड.

मग ६८ टक्क्यांचं कोडं सुटलं. त्या ॲपमध्ये सेटिंगला कपॅसिटी हाताने टाकता येते. त्याने ३०० टाकली होती. बीएमएस फक्त बाहेर गेलेले अँपिअर मोजतो आणि तुम्ही सांगितलेल्या आकड्यातून वजा करतो, त्यामुळे शेडमध्ये दोन तासांत ८० टक्के दिसले तेव्हा खरी बॅटरी चाळीसच्याही खाली गेली होती. व्होल्टेजवरून पण कळत नाही, या लिथियम आयर्न फॉस्फेट सेलच्या बॅटरीचं व्होल्टेज बराच वेळ तेरा-सव्वातेराला सपाट राहतं आणि शेवटी एकदम कोसळतं. लेड-ॲसिडची सवय असलेला माणूस इथे हमखास फसतो.

पॅनल पण तसलेच निघाले. मागे स्टिकर ५४० वॉटचा. टेप लावला तर जेमतेम १९६ बाय ९९ सेंटिमीटर, रंग निळसर. ही जुनी ३३० वॉटच्या आसपासची पॉली पॅनल. ५४० चं पॅनल सव्वादोन मीटरच्या वर लांब आणि एक मीटर तेरा सेंटिमीटर रुंद असतं, काळपट, मधोमध फट दिसते. एवढं साधं टेपने कळलं असतं. आणि खरी पॅनल असती तरी टपावर आडवी, तापलेली, वर नारळाची सावली, तेव्हा 'दिवसभर सोलरवर एसी फुकट' हे रीलमधलं बोलणं निम्मं खोटंच. दुपारी एसीच पॅनलचं सगळं खाऊन टाकतो, रात्रीसाठी बॅटरीत काय उरणार?

तुम्ही कुठूनही घेत असाल तर बिल घ्याच, १८ टक्के वाचवायला जाऊ नका. आणि टेस्ट दोन तासांची नको, बॅटरी बंद पडेपर्यंतची. स्वतःचा डीसी क्लॅम्प मीटर (वायरभोवती लावून अँपिअर मोजायचा) न्या, ५०० वॉटचे दोन हॅलोजन लावा, समोर बसून राहा, कंटाळा आला तरी उठू नका. साडेसात युनिटच्या बॅटरीवर हजार वॉट साडेसहा तास तरी चालायला पाहिजेत. बॉक्स समोर उघडून दाखवायला सांगा. चौकोनी सेल असतील तर वरचा क्यूआर कोड खरवडलेला नाही ना ते बघा, खरवडलेला असला तर तिथूनच परत फिरा. उरलेले पैसे टेस्ट झाल्यावर आणि बँकेतूनच. आमच्या गाडीत तर केबल पण बारीक टाकली होती, १२ व्होल्टवर हजार वॉट म्हणजे ८० अँपिअरच्या आसपास, आग लागली असती तर काय झालं असतं हा विचार अजून झोपू देत नाही.

तक्रारीचं म्हणाल तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला, मग पोलिसांत अर्ज दिला आणि वकिलांच्या सांगण्यावरून जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन केस टाकली. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, आणि २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, समोरचा कुठलाही असो. मुदत दोन वर्षांची आहे. बिल नसल्यामुळे माझी सगळी भिस्त व्हॉट्सअपवरच्या कोटेशनवर आणि ५० हजारांच्या यूपीआयवर आहे, चॅटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, डिजिटल पुराव्यासाठी लागणारं सर्टिफिकेट जोडावं लागलं. कॅशच्या १ लाख १० हजारांना काहीच पुरावा नाही. पंक्चरवाल्याकडून त्या दोघांचे नंबर मिळाले, त्यातल्या एकाच्या बॅटरीत पण खाली दगडच निघाला, तो पण केस टाकतोय. आम्ही दोघांनी मिळून बॉक्स उघडतानाचे फोटो तारखेसकट दिलेत.

गाडीचं म्हणाल तर टपाला आणि बाजूंना आतून नायट्राइलचं (रबरी फोमचं) इन्सुलेशन मारून घेतलं, त्यानेच बराच फरक पडला. बॅटरी आता एकच आहे, बिलाची, २०० एएचची, समोर बसून टेस्ट केलेली, तिच्यावर झोप लागेपर्यंतचे तीन तास एसी चालतो. त्यापुढे पंखा. आई बरोबर असली की आम्ही पंधरा अँपिअरचा पॉइंट मिळेल तिथेच गाडी लावतो आणि युनिटप्रमाणे पैसे देतो. दिवाळीनंतर परत गुहागरला जाणार आहोत, काका-काकूंना भेटायला.