लाटे, फ्लॅट व्हाइट की अमेरिकानो? काउंटरवर अडकलेल्यांसाठी

मागची रांग सुस्कारे टाकतेय, समोरचा बरिस्ता हसून थांबलाय आणि आपण बोर्ड वाचतोय, अशांसाठी हे. बोर्डावर नावं ढीगभर असली तरी गरम प्रकारांतल्या बहुतेकांचा पाया एकच, साधारण ३० मिली एस्प्रेसो, म्हणजे दाट कडक कॉफीचा एक शॉट, त्यात काय ओतलं आणि किती ओतलं त्यावरून बारसं.

लाटे आणि कॅपुचिनो यात एस्प्रेसो तोच, दूधही तेच, फक्त कॅपुचिनोत फेस जास्त आणि लाटेत दूध जास्त. लाटे म्हणजे कॉफीचा वास येणारं गरम दूध, पण हे मोठ्याने बोलायचं नाही, आजूबाजूचे लॅपटॉपवरून माना वर करून बघतात. फ्लॅट व्हाइट त्यांच्याच घरातलं, कप लहान आणि फेस पातळ, त्यामुळे कॉफी निदान जिभेला लागते तरी. तिघांत माझं मत फ्लॅट व्हाइटला, मागवताना आपण कुणीतरी मोठे जाणकार असल्यासारखा चेहरा करणार नसाल तर.

झोप उडवायचीये? मग दूध सोडा. अमेरिकानो म्हणजे एस्प्रेसोत गरम पाणी, बास, उगाच नाटक नाही. त्याहून भारी साधी ब्रूड, म्हणजे गाळलेली, कॉफी, स्टारबक्सच्या ग्रांदे साइझच्या कपात हिच्यात लाटेच्या जवळपास दुप्पट कॅफीन असतं, पण नाव इतकं साधं की घ्यायची लोकांना लाज वाटते बहुतेक.

आता साइझ, खरी गंमत इथे आहे. स्टारबक्समध्ये ३५५ मिलीच्या कपाला टॉल म्हणतात, आणि त्याहून लहान २३७ मिलीचा शॉर्ट असतो तो बोर्डावर बहुतेकदा दिसतच नाही, ओळखीच्या माणसासारखा मागावा लागतो. ग्रांदे ४७३, वेंटी ५९१. पण गरम लाटेत दोन्हीकडे शॉट दोनच! म्हणजे वेंटीचे जादा पैसे कॉफीचे नाहीत, दुधाचे आणि कप हातात मिरवण्याचे. अर्थात कप मिरवायचाच असेल तर वेंटीला पर्याय नाही, लांबून दिसतो.

माकियातो जपून मागवा हं. मूळचा म्हणजे एस्प्रेसोवर दुधाचा एक ठिपका, दोन घोटात संपणारा. चेनमध्ये मात्र कॅरॅमल माकियातो म्हणून ग्लासभर दूध, व्हॅनिला सिरप आणि वर कॅरॅमलची जाळी येते.

कोल्ड ब्रू आणि आइस्ड कॉफीत कोल्ड ब्रू घ्या, गार पाण्यात तासन्‌तास भिजवलेली असते, कडवटपणा कमी. फक्त ती किती तास भिजली याचं प्रवचन शेजारच्या टेबलावरून ऐकायची तयारी ठेवा.

राहिला सीझनल प्रकार. स्टारबक्सची पंपकिन स्पाइस लाटे २००३ मध्ये आली आणि तिच्यात खरा भोपळा पडला २०१५ मध्ये, मधली बारा वर्षं लोक मसाल्यावरच डोळे मिटून आहाहा करत होते. आवडत असेल तर खुशाल घ्या, मस्त गोड लागते, पण ती पिऊन बीन्सच्या जातीवर बोलायचं नाही, एवढं पाळा.