चकचकीत फॉइल आणि तापमान मोजायची बंदूक

छताचं इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, मोफत तपासून देतो असं कोणी म्हणालं, तर पुढचं वाचा आणि मग त्याला शिडी द्या.

आमच्या वरच्या खोलीत फॉल्स सीलिंगवर ग्लासवूलचा, म्हणजे काचेच्या तंतूंच्या लोकरीचा थर आहे. तरीही खोली उन्हाळ्यात तापायची आणि थंडीत सगळ्यात आधी गारठायची. तपासायला आलेला गृहस्थ गोडबोल्या होता. सीलिंगच्या झडपेतून डोकं वर घालून त्याने मोबाइलवर फोटो काढले आणि ग्लासवूलवरचे काळे पट्टे दाखवले. "काका, सगळं कुजलंय. बुरशी आहे ही. श्वासाचा त्रास होईल घरात."

मग खिशातून तापमान मोजायची बंदूक निघाली. छतावर रोखली, आकडा आला ३९. तिथेच त्याने, सीलिंगवर पसरायला सुचवलेल्या ॲल्युमिनियम फॉइलचा एक तुकडा चिकटवला, जरा थांबला आणि त्यावर बंदूक रोखली. ३१! "आठ डिग्रीचा फरक, तुमच्या डोळ्यांदेखत." एवढं बघितल्यावर कोण नाही म्हणणार? अर्धे पैसे आगाऊ गेले.

काम झटपट झालं. खोली मात्र होती तशीच. फोन केला की उत्तर ठरलेलं, "फॉइलला सेट व्हायला वेळ लागतो." फॉइल म्हणजे काय सिमेंट आहे सेट व्हायला?

उलगडा केला माझ्या मेहुण्याने. शीतगृहांच्या देखभालीत त्याचं आयुष्य गेलंय. नमुन्याचा तो तुकडा छताला अजून चिकटलेला होता. त्याने त्यावर काळ्या इलेक्ट्रिकल टेपची पट्टी लावली, थोडा वेळ जाऊ दिला आणि तशाच बंदुकीने मोजलं. फॉइलवर आकडा कमी, शेजारच्या टेपवर जवळपास छताइतकाच. म्हणजे फॉइल छताइतकंच तापलेलं होतं.

ही बंदूक वस्तूला न शिवता, तिच्यातून बाहेर पडणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांवरून तापमान काढते. भिंत, लाकूड, टेप असे पृष्ठभाग हे किरण भरपूर सोडतात, आणि साध्या बंदुका तेच गृहीत धरून बनवलेल्या असतात. चकचकीत ॲल्युमिनियम स्वतःचे किरण फारच कमी सोडतं आणि समोरच्या वस्तूंचे परावर्तित करतं. त्या गृहस्थाच्या बंदुकीने फॉइलवर छताच्या नावाखाली बहुतांशी खालची गार फरशी मोजली होती. बंदूक खराब नव्हती, ती दाखवण्याची पद्धत लबाडीची होती.

फॉइल निरुपयोगी असतं असं मात्र नाही. योग्य जागी ते खरंच काम करतं, पण त्याच्या चकचकीत बाजूसमोर दोन-अडीच सेंटिमीटर तरी मोकळी हवा लागते. दोन थरांत दाबून बसवलं की उष्णता त्यातून सरळ आरपार जाते. आमच्याकडे नेमकं तेच झालं होतं. सीलिंगवर फॉइल पसरलं, त्यावर जुनंच ग्लासवूल दाबून बसवलं. ग्लासवूल चेपलं की त्याच्या तंतूंमधली हवा कमी होते आणि गुणही कमी होतो. म्हणजे पैसे देऊन आहे ते बिघडवून घेतलं.

आणि ते काळे पट्टे? हात लावला तर कोरडे, वास नाही, वर गळती नाही. ती बुरशी नव्हती, धूळ होती. खालच्या फटीतून हवा ग्लासवूलमधून गाळून जाते तेव्हा धूळ तिथे अडकते. म्हणजे असा कोरडा काळा पट्टा हा बहुधा भोकाचा पत्ताच असतो. पाइप, वायर आणि दिव्यांसाठी पाडलेली भोकं, शिवाय झडपेची कड, हे सगळं उघडंच होतं. फॉइलच्या पट्ट्यांचे सांधेसुद्धा त्याने टेपने जोडले नव्हते.

आता ही भोकं बुजवायचं काम आम्हीच केलं, आणि तेही किरकोळ सामानात. वाऱ्याच्या दिवशी खिडक्या बंद करून एक्झॉस्ट पंखा लावायचा आणि फटींजवळ उदबत्ती धरायची. धूर जिथे हेलकावतो तिथे फट. बारीक फटीत ॲक्रिलिक सीलंट, बोटभर रुंद जागेत डब्यातला फोम. फोम फुगतो, तेव्हा थोडाच मारायचा. मोठ्या भोकावर बोर्डाचा तुकडा बसवून कडेने सीलंट. नंतर वरून ग्लासवूल न दाबता सैल पसरायचं. झडपेच्या कडेला फोमची चिकटपट्टी पुरते. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या हव्यातच. पाय फक्त आधाराच्या लाकडावर, नाहीतर सीलिंगसकट खाली.

धुराड्याजवळ किंवा तापणाऱ्या दिव्याजवळ मात्र फोम अजिबात नको, तो पेट घेतो. तिथे पत्रा आणि उष्णता सोसणारं सीलंट लागतं. ग्लासवूल ओलं असेल तर आधी गळती काढा. घर जुनं असून वर ॲस्बेस्टॉस असल्याची शंका असेल तर काहीही हलवू नका, जाणकार बोलवा.

पैसे परत मागितले तर त्या गृहस्थाने कोटेशन पुढे केलं. त्यात फक्त "आवश्यक इन्सुलेशन दुरुस्ती" एवढंच लिहिलेलं! त्यामुळे भांडायला आधारच उरला नाही. कोणाला काम देणार असाल तर मालाचं नाव, थराची जाडी, फॉइलची चकचकीत बाजू कुठे आणि तिच्यासमोर किती मोकळी जागा, कोणती भोकं बुजवणार, हे सगळं कागदावर घ्या. बुजवलेल्या भोकांचे फोटो वरचा थर पसरण्याआधीच मागा, आणि उरलेले पैसे त्यानंतरच द्या.