चूक कोणी दाखवायची? अपूर्णांकांचे साधन घडवण्यापूर्वी तीन पर्यायांची तुलना

सहावीच्या मुलांसाठी अपूर्णांकांचे एखादे साधन संगणकावर तयार करायचे ठरले, की शिक्षक आणि प्रोग्रामर यांची पहिली बैठक बहुधा चित्रे, रंग आणि बक्षिसाचे तारे यांतच संपते. त्याआधी एक प्रश्न सोडवावा, असे मला वाटते: मुलाने १/२ + १/३ = २/५ असे लिहिले, तर आपले चुकले हे त्याला कळणार कसे? अंशात अंश आणि छेदात छेद मिळवण्याची ही चूक शिक्षकांच्या चांगल्या परिचयाची आहे, आणि साधनांचे तीन प्रमुख प्रकार तिला अगदी निरनिराळ्या रीतीने सामोरे जातात.

पहिला प्रकार शिकवणी घेणाऱ्या प्रणालींचा. कार्नेगी मेलन विद्यापीठात जॉन अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात लिस्प ही संगणकभाषा आणि भूमिती यांसाठी अशा प्रणाली घडवल्या; शाळांतला बीजगणिताचा ‘कॉग्निटिव्ह ट्यूटर’ त्याच कामातून पुढे आला. गणित सोडवण्याचे बरोबर मार्ग आणि नेहमीच्या चुका नियमांच्या रूपात आधीच भरून ठेवलेल्या असतात, मुलाची प्रत्येक पायरी त्यांच्याशी ताडून पाहिली जाते, आणि २/५ दिसताच ‘आधी छेद समान करून घे’ अशी सूचना तिथल्या तिथे देता येते. पायरीगणिक लक्ष ठेवल्याने काय साधते, याचा अंदाज कर्ट व्हॅनलेन यांच्या २०११ मधील आढाव्यावरून येतो: शिकवणी न मिळालेल्यांच्या तुलनेत माणसाने घेतलेल्या शिकवणीचा परिणाम ०.७९ प्रमाण विचलन (गुण किती विखुरलेले आहेत याचे माप), पायऱ्या तपासणाऱ्या प्रणालींचा ०.७६, तर फक्त अंतिम उत्तर तपासणाऱ्यांचा ०.३१ भरला. तेव्हा ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढेच सांगणाऱ्या प्रश्नमंजूषेने याच प्रकाराचे फळ मिळेल, अशी आशा धरू नये.

मात्र हे नियम लिहिणे अत्यंत वेळखाऊ असते, आणि सूचनेचे बटण दाबत राहिले की शेवटी उत्तरच हाती पडते, हे काही मुलांना फार लवकर उमगते. (मुले हुशार नाहीत, अशी तक्रार करणाऱ्यांनी हे एकदा पाहावे.)

दुसरा प्रकार सिम्युलेशनचा, म्हणजे पडद्यावर हाताळून पाहता येणाऱ्या प्रतिकृतीचा. कोलोरॅडो विद्यापीठातला २००२ पासूनचा ‘फेट’ प्रकल्प हे त्याचे उत्तम उदाहरण. या धर्तीच्या साधनात २/५ लांबीची पट्टी १/२ च्या पट्टीखाली ठेवली, की ती आखूड भरते. अर्ध्यात आणखी भर घातली तरी उत्तर अर्ध्याहून कमी कसे, हा पेच मुलासमोर आपोआप उभा राहतो आणि साधनाला ‘चूक’ असे म्हणावेही लागत नाही. फेटच्याच विद्युतमंडलाच्या सिम्युलेशनवर २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सिम्युलेशनवर काम केलेले विद्यार्थी खरी उपकरणे हाताळलेल्यांपेक्षा संकल्पनांच्या प्रश्नांत सरस ठरलेच, शिवाय खरे मंडल जोडण्यातही पुढे राहिले. उणीव एवढीच, की पट्टी आखूड आहे हे मुलाच्या नजरेतून निसटले तर सिम्युलेशन गप्प बसते, आणि मग ‘कोणती पट्टी मोठी?’ असे विचारणारे कोणीतरी जवळ असावे लागते.

तिसरा प्रकार १९६७ मध्ये जन्मलेल्या ‘लोगो’ या संगणकभाषेचा, म्हणजे मुलाच्या आज्ञेने रेषा काढत चालणाऱ्या तिच्यातल्या कासवाचा. समभुज त्रिकोणासाठी मुलाने १२० ऐवजी ६० अंश वळायला सांगितले, तर कासव षट्कोनाच्या तीन बाजू काढून थांबते, आणि आपण त्रिकोणाचा आतला कोन मोजला, वळण मोजलेच नाही, हे शोधून काढण्याचा आनंद निराळाच असतो. परंतु अशा मोकळ्या जगात वावरल्याने इतर विषयांतली नियोजनाची कुवत आपोआप वाढते, ही अपेक्षा १९८० च्या दशकातील चाचण्यांत टिकली नाही. अपूर्णांकांसाठी मी हा मार्ग निवडणार नाही. कोनांसाठी जरूर निवडेन.

उरलेल्या दोघांत निवड करताना संगणक-खोलीत प्रत्यक्ष जाऊन बसावे. एका संगणकामागे दोन-तीन मुले बसत असतील, तर शिकवणीची प्रणाली अडचणीत येते, कारण कोणाला काय येते याचा तिचा सारा हिशेब एका यंत्रापुढे एकच मूल आहे असे धरून चालतो. पहिली पायरी एकाने आणि दुसरी दुसऱ्याने लिहिली, की तो हिशेब कोणाचाच राहत नाही. सिम्युलेशनला मात्र अशी दाटी मानवते, कारण पट्टी आखूड का यावर ती मुले आपसांत भांडू लागतात. एकेकाला स्वतंत्र यंत्र, वर्षभराचा वेळ आणि नियम लिहायला तयार असलेला गणिताचा शिक्षक, हे तिन्ही हाताशी असतील तरच पहिल्या प्रकाराकडे वळावे. एरवी पट्ट्यांचे सिम्युलेशन करावे आणि त्याचा आराखडा आधी कागदी पट्ट्यांवर चार-पाच मुलांकडून वापरून घ्यावा.