राजपुत्र नायक नसलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’: ‘द लॉस्ट क्राउन’चे परीक्षण

१९९० च्या दशकात शाळेच्या संगणक-कक्षात ज्यांनी पहिल्यांदा कीबोर्डला हात लावला, त्यांच्यापैकी अनेकांच्या बोटांना ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची सवय अजून असेल. काळ्या पडद्यावर ‘प्रिन्स मेगाहिट’ असे टंकून गेम सुरू केला, की शिफ्ट आणि एल दाबून पुढच्या लेव्हलवर उडी घेता येते, हे गुपित वर्गावर्गांतून फिरत असे. माझीही व्हिडिओ गेमशी ओळख तिथेच झाली. त्यानंतरच्या तीस वर्षांत या मालिकेचा जवळजवळ प्रत्येक गेम मी खेळलो आहे आणि त्यांतले काही पुन्हा पुन्हा खेळलो आहे. म्हणूनच १८ जानेवारी २०२४ रोजी आलेल्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन’विषयी सविस्तर लिहावेसे वाटते. राजपुत्र या गेमचा नायक नाही, आणि तरीही १९८९ च्या मूळ गेमशी इतका प्रामाणिक राहिलेला दुसरा गेम या मालिकेत मला आढळत नाही.

हे विधान नीट समजण्यासाठी मूळ गेमचे वैशिष्ट्य आधी ध्यानात घ्यावे लागेल. त्याचे निर्माते जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाचे धावणे-उड्या मारणे चित्रित केले, त्या चित्रीकरणाच्या एकेका चौकटीवरून राजपुत्राची हालचाल रेखाटली आणि पडद्यावरच्या आकृतीला माणसाच्या शरीराचे वजन दिले. त्या काळच्या इतर गेममध्ये बटण दाबताच पात्र उडत असे. इथे राजपुत्राला वेग घ्यायला दोन पावले लागत, थांबायलाही पाऊल लागे आणि कड्याला लोंबकळताना हात सुटेल की काय, अशी धास्ती वाटे. त्यावर साठ मिनिटांचे घड्याळ होते. चूक झाली तर लेव्हल पहिल्यापासून सुरू होई, पण घड्याळ मात्र मागे जात नसे. शरीराचे वजन आणि वेळेची किंमत या दोन गोष्टींना मी या मालिकेचा प्राण मानतो. पगडी, राजवाडा आणि वजीर हा केवळ पोशाख आहे.

पुढच्या काळात मालिकेने हा प्राण कधी जपला, कधी गमावला. २००३ च्या ‘सँड्स ऑफ टाइम’ने तो सर्वांत सुंदर रीतीने जपला. तिथे खंजिराने काळ मागे फिरवता येई, पण खंजिरातली वाळू मोजकीच असल्याने प्रत्येक चुकीचा हिशेब ठेवावा लागे. वर्षभराने आलेल्या ‘वॉरियर विदिन’ने लढाईचे तंत्र सुधारले, पण काळवंडलेला, सतत संतापलेला राजपुत्र आणि कर्कश संगीत यांमुळे ‘सँड्स ऑफ टाइम’मधील कथनाची कोवळीक हरवली. २००८ च्या गेममध्ये खोल दरीत पडले तरी सोबतची एलिका प्रत्येक वेळी हात देऊन वर काढत असे. ते दृश्य देखणे होते, पण चुकीला किंमतच उरली नाही. दरम्यान याच मालिकेसाठी सुरू झालेल्या एका प्रकल्पातून २००७ मध्ये ‘असॅसिन्स क्रीड’ जन्मला आणि पाहता पाहता थोरल्या मालिकेपेक्षा मोठा झाला. २०१० मध्ये चित्रपट आला, ‘फॉरगॉटन सँड्स’ हा गेम आला, आणि त्यानंतर जवळजवळ चौदा वर्षे या मालिकेत मोठा नवा गेम आलाच नाही.

‘द लॉस्ट क्राउन’ हा युबिसॉफ्ट या गेम-कंपनीच्या फ्रान्समधील माँपेलिए स्टुडिओने बनवलेला गेम आहे. ‘रेमन लेजंड्स’ खेळलेल्यांना या स्टुडिओची ओळख करून देण्याची गरज नाही. जून २०२३ मध्ये पहिली झलक आली, तेव्हा रॅप संगीत आणि तरुण, उसळता नायक पाहून जुन्या चाहत्यांनी नापसंती व्यक्त केली. त्यांत मीही होतो, आणि ते मत चुकीचे होते हे इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. नायक सारगॉन हा ‘इम्मॉर्टल्स’ या सात योद्ध्यांच्या पथकातला सर्वांत धाकटा. राजपुत्र घसानचे अपहरण होते, ते करणारी सेनानी अनाहिता ही सारगॉनचीच गुरू असते, आणि तिच्या मागावर हे पथक काफ पर्वतावरील शापित नगरीत पोहोचते. तिथे काळ सरळ वाहत नाही. याहून अधिक कथा सांगणे वाचकांवर अन्याय करणारे ठरेल.

गेम पडद्यावर डावीकडून उजवीकडे आणि वरखाली, म्हणजे मूळ गेमप्रमाणे बाजूने दिसतो. मात्र नगरी एकच अखंड आहे आणि नवी शक्ती मिळाली, की पूर्वी बंद असलेल्या वाटा उघडतात. या शक्तींची कल्पकता मला फार भावली. आपल्या जागी आपली छाया ठेवून पुढे जायचे आणि क्षणात पुन्हा त्या छायेच्या जागी परतायचे, ही शक्ती मिळाल्यावर मला मूळ गेममधला आरशातून बाहेर पडणारा छायापुरुष आठवला, ज्याच्यासमोर तलवार म्यान केल्याशिवाय सुटका नसे. इथे छाया शत्रू नाही. ती आपण स्वतः मागे ठेवलेला क्षण आहे. काट्यांच्या भिंतींमधून छाया टाकत, हवेत झेपावत, पुन्हा छायेकडे परतत जाण्याच्या जागा कठीण आहेत, पण अन्यायकारक नाहीत. उडी चुकली तर थोडे आयुष्य कमी होऊन आपण शेवटच्या सुरक्षित कड्यावर येतो. मृत्यू आला तर मात्र मागच्या वाक-वाक वृक्षापर्यंत, म्हणजे जिथे प्रगती जतन होते त्या झाडापर्यंत, परत जावे लागते. चुकीची किंमत नेमकी किती असावी, याचा इतका विचारपूर्वक केलेला हिशेब अलीकडे क्वचित पाहायला मिळतो.

नकाशाविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे. मोठ्या कंपन्यांच्या गेममध्ये हल्ली नकाशा उघडला, की शेकडो चिन्हे अंगावर येतात आणि खेळणारा शोध घेण्याऐवजी यादी पुरी करत राहतो. इथे एका बटणाने समोरच्या दृश्याचे छायाचित्र काढून ते नकाशावर त्याच जागी टाचता येते. न उघडणारे दार किंवा हात न पोहोचणारी पेटी दिसली, की छायाचित्र टाचायचे आणि पुढे जायचे. पुरेशी शक्ती आल्यावर नकाशा पाहून परतायचे. आम्ही पूर्वी चौकटीच्या वहीत पेन्सिलीने जे करत होतो, तेच हे आहे. अशी छायाचित्रे सुरुवातीला मोजकीच टाचता येतात, त्यामुळे काय लक्षात ठेवायचे हेही ठरवावे लागते. इतकी साधी आणि उपयुक्त सोय या प्रकारच्या प्रत्येक गेमने घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

लढाई वेगवान असली, तरी वार परतवण्याच्या अचूक वेळेवर ती उभी आहे. वादळात गोठलेला समुद्र, लाटांवर तशाच थिजलेल्या नौका आणि त्यांच्या फळ्यांवरून वाट काढणारा सारगॉन, हा भाग दृश्यांच्या बाबतीत सर्वोत्तम आहे. निन्टेंडो स्विचसारख्या जुन्या यंत्रावरही गेम सेकंदाला ६० चौकटींच्या वेगाने चालतो, हे विशेष.

फारसी आवाजांत खेळण्याची सोय पहिल्या दिवसापासून आहे आणि माझा आग्रह आहे, की उपशीर्षके लावून गेम त्याच भाषेत खेळावा. मुंबई-पुण्याच्या वाचकाला त्यात एक वेगळा आनंद मिळेल. पथकाचा नायक वहराम म्हणजे आपल्या पारशी शेजाऱ्यांमधला बेहराम. अनाहिता हे नावही त्यांच्या घरांत ऐकू येते. आणि काहेवा या लोहार स्त्रीच्या नावात ‘शाहनामा’ या इराणी महाकाव्यातल्या कावा लोहाराची आठवण आहे. त्याच महाकाव्यातल्या झाल या वीराला वाढवणारा सिमुर्ग पक्षी तर इथे कथेच्या केंद्रस्थानी आहे. इराणी पुराणकथा केवळ सजावटीसाठी न वापरता त्यांचा अभ्यास केल्याचे हे लक्षण आहे.

दोषही आहेत. दूरच्या जागी क्षणात पोहोचवणाऱ्या मूर्ती कमी असल्याने उत्तरार्धात त्याच वाटा पुन्हा पुन्हा तुडवाव्या लागतात. पथकातील योद्ध्यांची रेखाटने अपुरी राहतात, त्यामुळे त्यांच्या वाट्याला जे येते त्याचा घाव पुरेसा लागत नाही. संवादांच्या वेळी पात्रे ठोकळ्यासारखी उभी असतात.

हे दोष गुणांपुढे किरकोळ आहेत, तरीही विक्री अपेक्षेइतकी झाली नाही आणि ज्या चमूने हा गेम बनवला, तो २०२४ मध्येच विसर्जित करण्यात आला. मला याचे अतिशय वाईट वाटते. ‘सँड्स ऑफ टाइम’च्या नव्या आवृत्तीची कथाही अशीच क्लेशदायक आहे. सप्टेंबर २०२० मध्ये घोषित झालेले ते काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई येथील स्टुडिओंकडे होते, आणि आपल्या शहरात हा गेम घडतो आहे याचा येथील खेळाडूंना अभिमान होता. २०२२ मध्ये ते मॉन्ट्रियलकडे गेले आणि जानेवारी २०२६ मध्ये प्रकल्पच रद्द झाला. जुन्या नावाची विक्री हमखास होईल असे मानून मालिका चालवणाऱ्यांनी, त्या नावाला नवे आयुष्य देणाऱ्या कारागिरांना आणखी एक संधी द्यायला हवी होती.

विकत घेणाऱ्यांसाठी थोडे व्यावहारिक. सुरुवातीला मार्गदर्शित आणि शोधाचा, असे दोन प्रकार विचारले जातात. शोधाचा प्रकार निवडावा. कठीणपणा हवा तसा ठरवता येतो आणि अवघड उड्या टाळून पुढे नेणारी दारेही उघडता येतात, त्यामुळे ज्यांची बोटे आता पूर्वीइतकी चपळ नाहीत त्यांनीही कचरू नये. मला पूर्ण व्हायला सुमारे पंचवीस तास लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेला ‘मास्क ऑफ डार्कनेस’ हा जोडभाग बराच कठीण आहे; छायेची शक्ती हातात पूर्ण मुरल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.