उत्तर कोरियाचा अणुकरार की इराणचा, कुठला बरा?
१९९४ ला अमेरिकेने उत्तर कोरियाला दोन नव्या अणुभट्ट्या आणि वर्षाला ५ लाख टन इंधन तेल कबूल केलं, बदल्यात काय तर योंगब्योन या त्यांच्या अणुकेंद्राचं काम थांबवा, ते मोडायचं नंतर बघू! २००६ ला त्यांनी अणुचाचणी करूनच दाखवली. इराणचा २०१५ चा करार त्यामानाने बराच घट्ट, युरेनियमचं समृद्धीकरण (शुद्धता वाढवणं) ३.६७ टक्क्यांपर्यंतच, त्याचा साठा ३०० किलोच्या आत, वर आयएईएचे (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे) इन्स्पेक्टर. पण बरीच बंधनं १०-१५ वर्षांत आपोआप संपणार होती आणि इराणचे गोठवलेले पैसे मात्र २०१६ लाच मोकळे, हा कसला सौदा? आता २०१८ ला ट्रम्प करारातून बाहेर पडले आणि २०२१ ला इराण ६० टक्क्यांवर गेला हेही खरंय, तरी निवडायचंच तर इराणवाला, निदान किलोत मोजता तरी येत होतं.