डेकला लावलेले ग्लू: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

माझ्या बोटीवर क्लीटपाशी, म्हणजे दोर बांधायच्या खुंटीपाशी, पाय ठेवला की डेक दबायचा. नाण्याने टकटक केलं तर चांगल्या जागी खणखणीत आवाज, त्या वीतभर पट्ट्यात मात्र भद्द. वरचा फायबरग्लासचा थर कापून उचलला, तर आतला बल्सा या हलक्या लाकडाचा गाभा ओल्या भुशासारखा बोटाने निघाला. क्लीटच्या बोल्टभोवती आधी कुणीतरी सिलिकॉन भरलं होतं. त्याच्या कडेने पाणी मुरत राहिलं होतं.

उरलेलं लाकूड पूर्ण वाळल्यावर नवा गाभा इपॉक्सीने, म्हणजे रेझिन आणि हार्डनर कालवून होणाऱ्या ग्लूने, बसवला. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडतं, पण जुन्या थरावर आणि लाकडावर त्याची पकड इपॉक्सीसारखी नाही. माझ्या इपॉक्सीचं प्रमाण 5 भाग रेझिनला 1 भाग हार्डनर. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवू नका, जोड उलट कच्चा राहतो. आणि कालवलेलं मिश्रण खोल डब्यात ठेवू नका. माझा पहिला डबा हातात धरवेना इतका तापला आणि सगळं आतच दगड झालं. मग पसरट ट्रे घेतला. आधी लाकडाला पातळ इपॉक्सी पाजलं, मग सिलिकाची पूड घालून लोण्याइतकं घट्ट केलेलं लावलं.

बोल्टची भोकं मुद्दाम मोठी पाडून त्याच घट्ट इपॉक्सीने भरली आणि कडक झाल्यावर त्यातूनच नव्याने ड्रिल केलं. आता बोल्टच्या कडेने पाणी शिरलंच, तरी गाभ्याला लागत नाही. सगळ्या कामात मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं. आठ महिने ऊन-पाऊस खाऊनही नाणं सगळीकडे एकसारखं वाजतं.

चूक झाली ती रंगाखाली. इपॉक्सी सुकताना वर मेणचट थर येतो. तो पाण्याने, खरखरीत पॅडने धुवून मगच सँडपेपर लावायचा. एका कोपऱ्यात मी न धुताच घासलं. तिसऱ्या महिन्यात तिथला तळहाताएवढा रंग पापुद्र्यासारखा सुटला. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, त्यामुळे उघडं ठेवणं शक्यच नव्हतं. धुतलं, घासलं, पुन्हा रंगवलं.

क्लीटखाली पाणी अडवायला पॉलिसल्फाइड सीलंट लावलं, कारण पॉलियुरेथेन सीलंटचा धडा हॅचच्या, म्हणजे डेकवरच्या झडपेच्या, चौकटीवर मिळाला होता. ते इतकं घट्ट बसतं, की चौकट काढताना जेलकोटचे, म्हणजे फायबरग्लासवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थराचे, टवकेच निघाले. कायमच्या जोडाला ते उत्तम, पण जे कधीतरी उघडायचंय तिथे नको. पॉलिसल्फाइड सुकायला बरेच दिवस घेतं, पण रबरासारखं लवचीक राहतं. गेल्या महिन्यात मुद्दाम एक क्लीट काढून पाहिला. सुरीने कापत सहज सुटला, खाली ठणठणीत कोरडं. अॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटच्या काचेला मात्र पॉलिसल्फाइड लावू नका, प्लास्टिक खराब होतं.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला जुन्या सिलिकॉनने. खरवडून, पुसूनही त्याचा पुसट थर उरतो आणि त्यावर ना इपॉक्सी धरतं ना रंग. पाणी शिंपडून बघायचो. थेंब गोळा होऊन घरंगळले, की पुन्हा घासायला बसायचो.