उजनीत शिंगाळा मासा धरण्यासाठी दिवसभराची होडी: जागा उत्तम, लंगर अपुरा

भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावर भाड्याने मिळणारी ही सपाट तळाची होडी तिघांना पुरते. पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण 100 किलोमीटर. उजाडायच्या आत पाण्यावर पोहोचा. ऊन चढलं की शिंगाळा खोलात दडतो.

नावाडी जुन्या नदीपात्राची कड अचूक दाखवतो, पैसे वसूल होतात ते इथेच. पण लंगर एकच. वारा सुटला की होडी त्याभोवती फिरते, गळाची दोरी ढिली पडते आणि मासा लागलेला कळतच नाही. दुसरा लंगर म्हणून दोर बांधलेला दगड मागून घ्या. एक नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, एक मागे.

आमिषाला कणीक देतात, ती रोहूला ठीक. शिंगाळ्याला गांडुळं किंवा कोंबडीची आतडी हवीत. 30 ग्रॅमचं सरकतं शिसं, खाली हातभर दोरी, मग गळ. बुडालेल्या बाभळींत गळ हमखास अडकतो, म्हणून ही हातभर दोरी मुख्य दोरीपेक्षा कच्ची ठेवा. ओढल्यावर तेवढीच तुटते.

शिंगाळ्याच्या कल्ल्यामागच्या काट्यांना करवतीसारखे दाते असतात, हात फाटतो. तरी गळ काढायला होडीत पक्कड नाही, हे अजिबात चालण्यासारखं नाही. लाइफ जॅकेटं मात्र धड, बक्कलं घट्ट बसणारी.